ब्रॅडफर्ड बिशप प्रकरण (१९७६) : आरोपी नेमका कुठे निसटला?

तपासनीस

विल्यम ब्रॅडफर्ड बिशप ज्युनिअर, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातला अधिकारी, तेव्हाचं वय ३९. वॉशिंग्टनला लागून असलेल्या बेथेस्डा (मेरीलँड) इथल्या राहत्या घरी १ मार्च १९७६ च्या रात्री पत्नी (३७), आई (६८) आणि १४, १० व ५ वर्षांचे तीन मुलगे अशा पाच जणांचा खून केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. तो आजतागायत सापडलेला नाही. खटला उभा राहिला नाही, म्हणून इथे त्याला आरोपीच म्हणू या.

या प्रकरणाचा विषय निघाला की चर्चा 'तो हेर होता का' या प्रश्नाकडे वळते. लष्करी प्रतिहेरखात्यात काढलेली वर्षं, येल विद्यापीठाची पदवी, इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश आणि सर्बो-क्रोएशियन या भाषा, इटली, इथिओपिया आणि बोट्स्वाना इथल्या नेमणुका, विमान चालवण्याचा परवाना. एवढं सगळं वाचलं की माणूस तिथेच अडकतो. माझं म्हणणं वेगळं आहे. तपास हरला तो पहिल्या सोळा दिवसांत, आणि तिथे हेरगिरीचं कौशल्य लागलंच नाही.

क्रम असा. सोमवार, १ मार्च. हवी असलेली बढती मिळणार नाही हे त्याला कळलं. बरं वाटत नाही असं आपल्या सेक्रेटरीला सांगून तो लवकर निघाला. बँकेतून सुमारे ४०० डॉलर काढले. माँटगोमेरी मॉलमधल्या सिअर्समधून गोल डोक्याची हातोडी आणि पेट्रोलचा कॅन घेतला, पंपावर गाडी आणि कॅन दोन्ही भरून घेतले, मग एका हार्डवेअरच्या दुकानातून फावडं आणि दाताळं घेतलं. रात्री घरात जे घडलं त्याच्या तपशिलात शिरायची गरज नाही. मृतदेह स्टेशन वॅगनमध्ये घालून तो जवळजवळ ४४० किलोमीटर दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलायनातल्या कोलंबिया गावाजवळच्या दलदलीच्या रानात गेला. २ मार्चला तिथे उथळ खड्डा खणून पेट्रोल ओतून आग लावली. धूर दिसल्यामुळे वनरक्षक पोहोचला आणि मृतदेह सापडले.

म्हणजे खून झाल्यापासून चोवीस तासांच्या आत पाचही मृतदेह सरकारच्या ताब्यात होते. पण ते कुणाचे, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच दिवशी त्याच राज्यात जॅक्सनव्हिल इथे बिशपच्या क्रेडिट कार्डावर खेळाचे बूट विकले गेले. घरी कुणी दिसत नाही म्हणून शेजाऱ्यांनी पोलिसांना कळवलं ते मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. गाडी सापडली १८ मार्चला, टेनेसीमधल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात, एल्कमाँटच्या कॅम्पिंगच्या तळावर. ग्रँड ज्युरीने (खटला भरण्याइतका पुरावा आहे का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) दुसऱ्याच दिवशी, १९ मार्चला, पाच खुनांचा आरोप ठेवला.

जाणकारांनी आपापल्या विषयातलं लिहावं. मृतांविषयी जपून लिहावं ही विनंती.

सुमेधा_रॉकव्हिल

उत्तम धागा. भूगोलाबद्दल थोडी भर घालते, कारण नकाशा डोळ्यांसमोर नसेल तर गोंधळ होतो.

घर कार्डरॉक स्प्रिंग्ज वसाहतीत, मॉल बेथेस्डातच, हार्डवेअरचं दुकान शेजारच्या पोटोमॅकमध्ये. ही सगळी माँटगोमेरी काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. संध्याकाळची सगळी खरेदी घरापासून काही मैलांच्या परिघात झाली, तीही रोजच्या दुकानांत. माग लपवायचा विचार केलेला माणूस इतक्या जवळ फावडं विकत घेत नाही. दुसरीकडे, फावडं आणि पेट्रोल आधीच घेतलं होतं, म्हणजे पुढे काय करायचं हे संध्याकाळीच ठरलेलं होतं. ४०० डॉलर मात्र फार कमी. १९७६ मध्येही त्या पैशांत नवं आयुष्य उभं राहत नाही. बेत खुनापर्यंतचा पक्का होता आणि त्यानंतरचा अर्धवट, असं मला दिसतं.

आणखी एक गोष्ट जमेला धरायला हवी. एका फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगातल्या कैद्याने बिशपला उद्देशून लिहिलेलं, १५ मार्च १९७६ तारखेचं पत्र परराष्ट्र खात्यात आलं होतं. तोवर बिशप पसार झाला होता. बऱ्याच वर्षांनी त्या पत्राकडे तपासाचं लक्ष गेलं तेव्हा तो कैदी हयात नव्हता. त्यामुळे दोघांमध्ये आधी काय बोलणं झालं होतं हे विचारायला कुणी उरलं नाही.

कोरा_कागद

एक शंका. मृतदेह २ तारखेला मिळाले, तरी ओळख पटायला एवढे दिवस का? एकाच ठिकाणी पाच जण, त्यात तीन मुलं. बातमी देशभर गेली असेल ना?

दंतपंक्ती

@कोरा_कागद, जळालेल्या मृतदेहाची ओळख पटवण्याचं १९७६ मधलं भरवशाचं साधन म्हणजे दात. बोटांच्या टोकांचे ठसे आगीत जातात, चेहरा जातो, पण दातांचं वरचं आवरण शरीरातला सगळ्यात कठीण भाग असतो आणि दाढा गालांच्या आत बऱ्याच सुरक्षित राहतात. त्यात भरलेली चांदी, बसवलेली टोपी, काढलेल्या दाताची रिकामी जागा, मुळांचा बाक, हे सगळं क्ष-किरण चित्रात दिसतं. लहान मुलांत दुधाचे दात किती पडले आणि पक्के किती आले यावरून वय बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

पण ही पद्धत एका बाजूने चालत नाही. मृताचे दात हातात असले तरी जुळवायला हयातीतली नोंद लागते, आणि ती कुठल्यातरी एका दंतवैद्याच्या कपाटात असते. कुणाची मागायची, हे आधी कळायला हवं. तेव्हा दातांच्या नोंदींचा कुठला राष्ट्रीय साठा हाताशी नव्हता की पाच तक्ते टाकले आणि नाव बाहेर आलं. वय, लिंग आणि अंदाजे उंची एवढंच सांगता येतं: प्रौढ बाई, म्हातारी बाई, तीन मुलगे. अशा कुटुंबाची बेपत्ता म्हणून तक्रारच कुठे नोंदलेली नव्हती, कारण तक्रार करू शकणारे सगळे त्या खड्ड्यातच होते. बाहेर होता तो एकटा आरोपी.

दुवा जुळला तो फावड्यावरून. आगीच्या जागी पेट्रोलचा कॅन, दाताळं आणि फावडं तसंच टाकलेलं होतं. फावड्यावरच्या दुकानाच्या चिठ्ठीची शेवटची अक्षरं तेवढी शाबूत होती: आधी 'ओसीएच' आणि पुढे हार्डवेअर शब्दाचं लघुरूप. त्या तुकड्यावरून शोधत शोधत पोटोमॅकचं पोचचं हार्डवेअर दुकान सापडलं. तिकडून बेथेस्डा, बेथेस्डाहून दंतवैद्य, आणि मग तक्ते जुळले. एका चिठ्ठीची चार अक्षरं जळाली असती तर आणखी किती दिवस गेले असते सांगता येत नाही.

तपासनीस

नेमकं. आणि इकडे शेजाऱ्यांच्या फोननंतर पोलीस घरी गेले तेव्हा पायरीवर आणि आत रक्त दिसलं. दोन राज्यांतले दोन तपास तेव्हा कुठे एकत्र आले.

त्या काळातली यंत्रणा अगदीच मागासलेली होती असं नाही. चोरीच्या आणि हव्या असलेल्या गाड्यांचे नंबर देशभर तपासता येतील अशी संगणकीय नोंदवही १९६७ पासून चालू होती. पण नंबर त्यात चढवायला गाडी हवी आहे हे आधी कळलं पाहिजे. २ मार्च ते दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्या स्टेशन वॅगनचा नंबर कुणीच शोधत नव्हतं. महामार्गावर पोलिसाने तिला थांबवलं असतं तरी परवाना पाहून सोडून दिलं असतं.

सह्यकडा

एल्कमाँटबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गृहीतकं तिथेच धरली जातात.

गाडी १८ मार्चला सापडली, पण ती ५ ते ७ मार्चपासून तिथे उभी असल्याचं एका साक्षीदाराने सांगितलं. म्हणजे घरात रक्त दिसण्याच्या आधीच चालक गाडी सोडून गेला होता. 'पोलीस मागावर होते आणि तो डोंगरात शिरून निसटला' हे चित्र त्यामुळे चुकीचं ठरतं. मागावर कुणीच नव्हतं.

गाडीत काय होतं ते नीट पाहा. रक्ताने माखलेलं ब्लँकेट, शॉटगन, कुऱ्हाड, कुत्र्याची बिस्किटं, दाढीच्या सामानाची पिशवी आणि त्यात त्याचं औषध. डिकीतला स्टेपनी ठेवायचा खोलगा रक्ताने भरलेला होता. लांबच्या डोंगरयात्रेला निघालेला माणूस कुऱ्हाड मागे ठेवत नाही. निद्रानाशाचा जुना त्रास असलेला माणूस आपलं औषध सहजी विसरत नाही. यातून दोनच गोष्टी निघतात. एकतर तो तिथून दुसऱ्या वाहनाने गेला आणि डोंगरातली गाडी ही फक्त दिशाभूल होती. नाहीतर त्याला पुढे कशाचीच गरज उरली नव्हती.

ॲपलाचियन ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट तिथून काही मैलांवर आहे, म्हणून तो पदयात्रींच्या गर्दीत मिसळला असं म्हटलं जातं. पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती गर्दी असते कुठे? ती वाट या उद्यानात राज्यांच्या सीमेवरच्या मुख्य धारेने जाते आणि तिचा सर्वोच्च माथा २,००० मीटरच्या थोडा वर आहे. मार्चमध्ये वर बर्फ असतं, रात्री पारा शून्याखाली जातो. जॅक्सनव्हिलला घेतले ते बूट टेनिसचे होते. त्या बुटांवर ओल्या बर्फातून दोन दिवस चाललात तर पाय जायबंदी होतील.

श्वानपथकालाही माग लागला नाही, आणि त्यात नवल काही नाही. कुत्रा पकडतो तो माणसाच्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या सूक्ष्म कणांचा वास. सावली, गारवा, ओलसर हवा असेल तर तो काही दिवस टिकतो. पाऊस, वितळणारं बर्फ आणि मध्ये येऊन गेलेली माणसं असतील तर दहा-बारा दिवसांनी तिथे पकडण्यासारखं काही उरत नाही. शिवाय तळापासून डांबरी रस्त्यापर्यंत चालत जाऊन तो कुणाच्या गाडीत बसला असेल तर माग रस्त्याच्या कडेलाच संपणार.

तो डोंगरातच मेला असेल का? शक्य आहे. उद्यान २,१०० चौरस किलोमीटरचं, रोडोडेंड्रॉनची झुडपं इतकी दाट की वाटेपासून पन्नास पावलांवरचं दिसत नाही. तिथली जमीन आम्लधर्मी, अस्वलं आणि रानडुकरं भरपूर. उघड्यावरचा सांगाडा तिथे काही महिन्यांत विखुरतो आणि काही वर्षांत पानगळीखाली जातो. 'एवढ्या वर्षांत हाडं सापडली नाहीत, म्हणजे तो तिथे मेला नाही' हा युक्तिवाद मला मान्य नाही.

गवतफूल

सह्यकडा, कुत्र्याचं काय? घरातला गोल्डन रिट्रीव्हर लिओ त्या रात्रीपासून गायब आहे. जॅक्सनव्हिलच्या साक्षीदारांनी कुत्रा पट्ट्याला बांधलेला पाहिला होता आणि सोबत एक बाई असावी असंही सांगितलं होतं. बाईचा पुढे पत्ता लागला नाही. पण कुत्रा गाडीसोबत उद्यानापर्यंत आला असेल तर दोन प्रश्न पडतात. त्या उद्यानातल्या जवळपास सगळ्या पायवाटांवर आजही कुत्री न्यायला मनाई आहे, म्हणजे मोठा सोनेरी कुत्रा घेऊन चालणारा माणूस लक्षात राहिला असता. आणि ३० किलोचं पाळीव जनावर मोकळं सोडलं तर ते माणसांकडेच जातं, तळाच्या आसपास घोटाळतं. तसा बेवारस कुत्रा तिथे सापडला नाही.

मला कुत्रा हा मोटारीने पुढे गेल्याचा पुरावा वाटतो. निदान डोंगरात पायी गेल्याच्या विरोधातला तरी.

दर्यावर्दी

गवतफूल यांच्याशी सहमत, सह्यकडांशी किंचित असहमत. युरोपातल्या साक्षी इतक्या सहज बाजूला सारता येत नाहीत.

तपास यंत्रणांना बिशप दिसल्याच्या शेकडो खबरा आल्या असतील, त्या बहुतेक कचराच. मात्र तीन नावाजलेल्या साक्षी वेगळ्या आहेत, कारण पाहणारे त्याला प्रत्यक्ष ओळखणारे होते. जुलै १९७८ मध्ये स्टॉकहोमच्या एका बागेत, इथिओपियात त्याच्याबरोबर काम केलेल्या स्वीडिश बाईंनी आठवड्याभरात दोनदा पाहिलं. जानेवारी १९७९ मध्ये इटलीतल्या सोरेंटोला परराष्ट्र खात्यातल्याच एका जुन्या सहकाऱ्याने स्वच्छतागृहात दाढी वाढलेला माणूस पाहिला आणि 'तू ब्रॅड बिशप ना?' असं थेट विचारलं. तो माणूस घाबरून नकार देत पळून गेला. १९ सप्टेंबर १९९४ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या रेल्वे फलाटावर बेथेस्डातल्या जुन्या शेजाऱ्याने काही फुटांवरून पाहिलं.

ओळखीच्या आणि अनोळखी चेहऱ्याच्या ओळखीत फार फरक असतो. फोटोवरून अनोळखी माणूस ओळखण्यात आपण सगळेच कच्चे असतो. केस, चष्मा, प्रकाशाची दिशा बदलली की फसतो. रोज पाहिलेला चेहरा मात्र वर्षांनंतर, दाढीतही ओळखू येतो, कारण त्यात चाल, मान वळवायची ढब, आवाज सगळं येतं. म्हणून मी सोरेंटोची साक्ष सगळ्यात वर ठेवतो. तिथे बोलणं झालं, अंतर हातभर होतं आणि समोरचा पळाला.

बाझल मला कमकुवत वाटतं. मध्ये अठरा वर्षं गेलेली, बोलणं नाही. स्टॉकहोमच्या बाईंना तो फरारी आहे हे तेव्हा माहीतच नव्हतं. यामुळे साक्षीला बळकटीच येते, कारण मनात आधीपासून कल्पना नव्हती. पण त्याच कारणाने खबर वेळेवर गेली नाही. दर वेळी नडलं ते हेच. खबर पोहोचते, स्थानिक पोलीस जातात, तोवर माणूस दोन देश पलीकडे.

आणि १९७६ मध्ये सीमा ओलांडणं आजच्याइतकं अवघड नव्हतं हे विसरू नका. मशीनने वाचता येणाऱ्या पासपोर्टाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं १९८० मध्ये. त्याआधी सीमेवरचा अधिकारी शिक्का मारायचा आणि फार तर छापील यादी चाळायचा. बिशपकडे मुत्सद्दी पासपोर्ट असण्याची शक्यता होती, आणि तो पाहून यादी चाळण्याचेही कष्ट फारसं कुणी घेत नसे.

ॲड_मृण्मयी

कायद्याची बाजू मांडते, कारण 'एफबीआयने पकडलं का नाही' हा प्रश्न थोडा अपुरा आहे.

खून हा अमेरिकेत राज्याचा गुन्हा. बिशपवरचा मूळ आरोप मेरीलँडच्या न्यायालयातला, वॉरंट बजावण्याची जबाबदारी माँटगोमेरी काउंटीच्या शेरीफची. एफबीआयला आत यायला वेगळं दार लागतं: खटला टाळण्यासाठी राज्याची हद्द ओलांडून पळणं हा १९३४ पासून फेडरल गुन्हा आहे. त्या गुन्ह्याचं वॉरंट निघालं की एफबीआय देशभर शोध घेऊ शकते. इथे घर मेरीलँडमध्ये, मृतदेह नॉर्थ कॅरोलायनात, गाडी टेनेसीत राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत. मुद्देमाल तीन ठिकाणी, पंचनामे तीन यंत्रणांचे.

देशाबाहेर इंटरपोलची लाल नोटीस. ती अटक वॉरंट असते हा समज चुकीचा आहे. ती सदस्य देशांना केलेली विनंती असते, आणि तिच्यावर अटक करायची की नाही हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. अटक झाली तरी पुढे प्रत्यार्पण. १९९६ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने फ्लोरिडातल्या खुनाच्या आरोपीला पाठवायला नकार दिला. मृत्युदंड मागणार नाही ही अमेरिकेची हमीही तिथे पुरेशी मानली गेली नाही. मेरीलँडने मृत्युदंड २०१३ मध्ये रद्द केला, त्यामुळे आज ती अडचण उरलेली नाही. मुदतीचंही बंधन नाही, मेरीलँडमध्ये खुनाचा खटला कितीही वर्षांनी भरता येतो.

मग गैरहजेरीत खटला का नाही चालवत? अमेरिकेत आरोपी सुरुवातीलाच हजर नसेल तर खटला सुरू करता येत नाही. फेडरल न्यायालयांसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ते स्पष्ट केलं. फ्रान्समध्ये असा खटला होऊ शकतो. आपल्याकडे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९९ खाली फरारी आरोपीच्या गैरहजेरीत फक्त साक्षी नोंदवून ठेवता यायच्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ ने पुढचं पाऊल टाकलं. फरारी घोषित झालेल्या आरोपीविरुद्ध, किमान ३० दिवसांच्या अंतराने दोन वॉरंटं, वृत्तपत्रात जाहीर सूचना आणि आरोप निश्चितीनंतर ९० दिवसांची वाट या अटी पाळून, संपूर्ण खटला आणि निकालही होऊ शकतो.

बिशप प्रकरणात साक्षी वेळीच शपथेवर नोंदल्या गेल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं. दुकानदार, वनरक्षक, शेजारी, सगळ्यांची वयं झाली. आरोपी उद्या सापडला तरी न्यायालयात उभं राहून सांगणारं कोण उरलंय?

टिंबटिंब

ठशांबद्दल. लष्करात आणि सरकारी नोकरीत होता, म्हणजे दहाही बोटांचे ठसे दप्तरी होते. तरी उपयोग का झाला नाही?

१९७६ मध्ये शोध हाताने व्हायचा. दहा बोटांच्या कार्डाला वर्गीकरणाचा आकडा दिला जायचा आणि त्या आकड्याच्या कप्प्यातली कार्डं भिंगाखाली पाहिली जायची. ती पद्धत मूळची कलकत्त्याची. तिथे १८९७ मध्ये ठशांचा विभाग सुरू झाला, आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी तिचं गणित बसवलं, नाव मात्र त्यांचे इंग्रज वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं लागलं. या पद्धतीला दहाही बोटं लागतात. म्हणजे फरारी माणूस दुसऱ्या नावाने दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात अटक झाला तरच तो सापडणार. तो साधेपणाने राहिला, ठसे द्यायची वेळच आली नाही, तर कार्ड कपाटात पडून राहतं. एफबीआयचा पूर्ण संगणकीय साठा १९९९ मध्ये सुरू झाला. तोवर तेवीस वर्षं उलटून गेली होती, आणि युरोपातले ठसे त्या साठ्यात नव्हतेच.

ठसे जुळले म्हणून लगेच विश्वास ठेवायचा नसतो, याचं उदाहरण फ्रान्सच्या अगदी अशाच प्रकरणातलं आहे. नाँतमध्ये एप्रिल २०११ मध्ये पत्नी आणि चार मुलांच्या खुनाचा आरोप असलेला झाव्हिए द्युपाँ द लिगोनेस १५ एप्रिलला दक्षिणेतल्या रोकब्रून-स्युर-आर्जांच्या हॉटेलच्या कॅमेऱ्यात शेवटचा दिसला. मृतदेह घराच्या अंगणातल्या ओट्याखाली मिळाले २१ एप्रिलला. इथेही आरोपीला पोलिसांवर सहा दिवसांची आघाडी मिळाली होती. ११ ऑक्टोबर २०१९ ला ग्लासगो विमानतळावर एका प्रवाशाला अटक झाली, ठसे जुळल्याच्या बातम्या जगभर गेल्या. दुसऱ्या दिवशी डीएनए आला आणि तो भलताच माणूस निघाला. ठशातल्या थोड्या बिंदूंवर अवलंबून असलेली जुळणी घाईत जाहीर केली की निरपराध माणसाच्या वाट्याला हे येतं.

निशिगंध

जॉन लिस्टशी तुलना करून पाहा. न्यू जर्सीतल्या वेस्टफील्डमध्ये ९ नोव्हेंबर १९७१ ला आई, पत्नी आणि तीन मुलं मारून तो पळाला. मृतदेह जवळजवळ महिन्याने सापडले, गाडी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर. तोही जवळजवळ अठरा वर्षं बेपत्ता होता. मे १९८९ मध्ये टीव्हीवर वय वाढवून केलेला त्याचा अर्धपुतळा दाखवला, जुन्या शेजारणीने ओळखला आणि १ जूनला व्हर्जिनियात अटक झाली. ठशांनी शिक्कामोर्तब केलं.

फरक कुठे पडला? लिस्टने फक्त नाव बदललं. व्यवसाय तोच, हिशेबनिसाचा. चर्च त्याच पंथाचं. जाडजूड चष्मा तसाच. त्याच देशात, त्याच भाषेत. पुतळा दाखवला तेव्हा प्रेक्षकांतच त्याचे शेजारी बसले होते. बिशपचाही पुतळा केला गेला, पण एफबीआयच्या दहा जणांच्या यादीत त्याचं नाव आलं १० एप्रिल २०१४ ला, एक लाख डॉलर बक्षिसासह. म्हणजे अडतीस वर्षांनी! अठ्ठ्याहत्तरीकडे झुकलेल्या माणसाचा चेहरा अंदाजाने घडवायचा आणि तो कदाचित इंग्रजी वाहिन्या न पाहणाऱ्या एखाद्या गावात राहत असेल. खरं तर त्याच्या पाठीच्या खालच्या भागात शस्त्रक्रियेची सहा इंची उभी खूण आहे. चेहऱ्यापेक्षा तीच भरवशाची, पण ती पाहणार डॉक्टर किंवा प्रेताला अंघोळ घालणारा.

२७ जून २०१८ ला नाव यादीतून काढलं गेलं. ते सापडल्यामुळे नव्हे. प्रसिद्धीमुळे आता काही हाती लागेल असं वाटेनासं झालं की जागा दुसऱ्याला दिली जाते. वॉरंट कायम आहे.

गुणसूत्र

आता उरलेला खरा रस्ता डीएनएचा. त्यात काय जुळतं आणि काय नाही ते एकदा स्पष्ट लिहितो, कारण यात बरीच सरमिसळ होते.

आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए: बिशपचा आणि त्याच्या आईचा एकच. त्याच्या मुलांचा मात्र त्यांच्या आईकडून आलेला, म्हणून इथे निरुपयोगी. बापाकडून मुलाला जाणारं वाय गुणसूत्र: बिशपचं आणि तिन्ही मुलग्यांचं तेच. म्हणजे तत्त्वतः मृत कुटुंबीयांच्या अवशेषांतूनच आरोपीच्या दोन्ही वंशरेषा मिळवता येतात. कुजलेल्या हाडात पेशीकेंद्रातला डीएनए तुटलेला असला तरी मायटोकाँड्रियल टिकतो, कारण एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. पण तो फक्त 'याच मातृवंशातला' एवढंच सांगतो, व्यक्ती सांगत नाही.

२०२१ मध्ये मोठी भर पडली. दत्तक गेलेल्या एका अमेरिकी महिलेला जनुकीय वंशावळीतून बिशप हाच आपला जन्मदाता असल्याचं कळलं. लग्नाआधीची ती मुलगी. बाप आणि अपत्याच्या तुलनेत डीएनएच्या तपासल्या जाणाऱ्या प्रत्येक जागेवरची एक खूण जुळायलाच हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय साठ्यात आधी १३ जागा तपासल्या जायच्या, २०१७ पासून २०. वीसही जागा जुळल्या तर शंकेला फारशी जागा राहत नाही, आणि दोन-तीन जागी स्पष्ट विसंगती आली तर तो माणूस बाद.

बाद झाल्याचं उदाहरण आहेच. अलाबामातल्या स्कॉट्सबरोला १९८१ मध्ये गाडीखाली सापडलेला एक बेघर माणूस अनोळखी म्हणून पुरला होता. त्याच्या जुन्या फोटोत बिशपशी साम्य दिसलं म्हणून ऑक्टोबर २०१४ मध्ये कबर उघडली. अशा वेळी मांडीच्या हाडाचा मधला भाग किंवा न किडलेली दाढ घेतात. बाहेरचा थर खरवडून टाकतात, म्हणजे हाताळणाऱ्यांचा डीएनए मिसळत नाही, मग भुकटी करून खनिज विरघळवतात. जुळलं नाही. एक नाव तरी यादीतून कमी झालं.

युरोपात तो मेला असेल तर अडचण दुहेरी. स्वित्झर्लंड, इटली अशा देशांत कबरीची जागा ठराविक मुदतीसाठीच मिळते. मुदत संपली आणि कुणी पुढचे पैसे भरले नाहीत तर कबर मोकळी केली जाते, इटलीत अस्थी सामायिक अस्थिगृहात जातात. आणि दुसऱ्या नावाने, कागदपत्रांसह, वैद्यकीय दाखल्याने मेलेला माणूस 'अनोळखी' नसतोच. त्याचा नमुना घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही.

कोरा_कागद

मग एखाद्या देशाच्या पोलिसांकडे जुना अनोळखी मृतदेह असेल, वर्णन जुळत असेल, तर पुढची पायरी काय?

गुणसूत्र

आधी साध्या गोष्टी. पुरुष, गोरा, उंची सहा फुटांच्या थोडी वर, हनुवटीला खळी, मृत्यूसमयीचं वय १ ऑगस्ट १९३६ या जन्मतारखेशी सुसंगत. पाठीच्या कण्यावर जुन्या शस्त्रक्रियेच्या खुणा सांगाड्यातही दिसू शकतात, म्हणून कमरेच्या मणक्यांचे फोटो आणि क्ष-किरण आधी काढावेत. यातलं काही बसत नसेल तर प्रयोगशाळेचा खर्च करू नये.

बसत असेल तर इंटरपोलमार्फत काळी नोटीस, ती अनोळखी मृतदेहांसाठीच असते. तिच्यासोबत दातांचा तक्ता आणि डीएनएची मांडणी जोडायची. नातेवाइकांच्या नमुन्यांवरून बेपत्ता व्यक्ती जुळवणारी इंटरपोलची स्वतंत्र यंत्रणा २०२१ पासून आहे. अमेरिकेत त्याच कामाला फेडरल सरकारची बेपत्ता आणि अनोळखी व्यक्तींची खुली नोंदवही आहे, तिथे काउंटीचा शवचिकित्सक थेट नोंद करू शकतो.

सह्यकडा

आणि स्मोकीजच्या आसपासच्या काउंट्यांनी १९७६ ते ८० मधली सुटी हाडं पुन्हा काढून पाहावीत. शिकाऱ्यांना सापडलेली एखादी मांडी, जबड्याचा तुकडा, 'जुनं, बहुधा आदिवासी दफन' असं लिहून पेटीत ठेवलेलं. तेव्हा डीएनए नव्हता, त्यामुळे ते शेरे नजरेवर मारलेले असत. उद्यानाची हद्द टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना दोन्हींत आहे, म्हणून दोन्हीकडच्या पेट्या बघाव्या लागतील.

तपासनीस

@सह्यकडा, पटलं. फक्त शोध टेनेसीच्या बाजूने सुरू व्हावा, एल्कमाँट तिकडे आहे. आणि गवतफूल यांचा मुद्दा धरून, त्याच पेट्यांत मोठ्या कुत्र्याची हाडं वेगळी नोंदलेली आहेत का तेही विचारायला हवं.